पूर्वेची बाही

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पोचल्याचं पत्र आठ दिवसांत टाक म्हणून तू बजावलं होतंस, त्याला आज पाच आठवडे झाले. तेव्हा आधी मनातल्या मनात माझा कान धर आणि मग पुढचं वाच. तब्येत ठणठणीत आहे. खोली मनोऱ्याच्या खालीच मिळाली आहे. एक खाट, एक टेबल आणि एक खिडकी. खिडकीतून सगळी धावपट्टी दिसते. पश्चिमेच्या टोकाला तळं, पूर्वेच्या टोकाशी बाजूला टेकडी, आणि दोन्ही टोकांना उंच खांबांवर तू शिवलेल्या दोन बाह्या. इथले लोक त्यांना वाऱ्याची पिशवी म्हणतात. पिशवीला एक तोंड असतं, हिला दोन आहेत, म्हणून माझी आत्या म्हणते तसं बाहीच म्हणा, असं मी दोनदा समजावलं. कोणी मनावर घेत नाही. पण वरून येणारा प्रत्येक वैमानिक आधी तुझं काम बघतो, बाही कुठल्या अंगाला फुगली आहे ते पाहून वारा ओळखतो आणि मगच उतरतो, हे मात्र सगळे मान्य करतात.

माझं यंत्र उभं राहिलं. धावपट्टीच्या कडेने सात खांब, प्रत्येकावर वाऱ्याने फिरणाऱ्या चार वाट्या आणि दिशेला वळणारं एक शेपूट. सातही खांबांच्या तारा माझ्या खोलीत येतात, तिथे त्यांचा मिळून एक सूर होतो आणि तो वैमानिकाच्या कानात जातो. वारा नीट वाहत असला की एकसारखी गुणगुण. कुठे वळला, पडला, उलटला की गुणगुण तुटते. म्हणजे विमान त्या वाऱ्यात शिरायच्या आत तो कानाला कळतो, आणि कळला की थांबता येतं. तो सूर मी कशावरून घेतला ते सांगत नाही. तू ऐकशील तेव्हा तुला कळेल.

दुपारी काम नसलं की मी गवतात आडवा होतो आणि तो सूर कानाला लावून ऐकत राहतो. वारा तळ्यावरून येतो, एकेका खांबाजवळून पुढे जातो, आणि मला वाटतं की मी झोपलेलो नाही, कोणीतरी मला हलकेच उचलून नेतंय. मुख्य साहेबांनी परवा मला तसं पाहिलं. पगार झोपायचा मिळतो का, असं त्यांनी विचारलं. मी ऐकायचा मिळतो म्हणालो. ते हसले नाहीत.

सहा खांब गुणी आहेत. सातवा, पूर्वेच्या बाहीशेजारचा, महाहट्टी. शेजारी तुझी बाही शहाण्यासारखी सरळ उभी असते आणि हा आपला गरगरतो. तीन वेळा उघडला, तेल दिलं, काही उपयोग नाही.

चाचणी २० मार्चला आहे. विमान कोण उतरवणार ते ओळख. आठवड्यातून तीनदा टपालाचं विमान घेऊन ज्या बाईसाहेब येतात, त्याच. मी ठकीला म्हटलं की दुसऱ्या कोणाला सांगतो. तुझी लेक म्हणाली की लहानपणी माझ्या प्रत्येक यंत्रावर बसून तीच पडली आहे, आता ऐन वेळी हा मान दुसऱ्याला द्यायचा नाही. त्याआधी दोन नव्या बाह्या पाठव. जुन्यांचा केशरी रंग पार विटला आहे.

लोभ आहे तसाच ठेव, रागाने थोडा वाढला तरी चालेल.

तुझा,
बटण

१४ फेब्रुवारी

चि. बटण यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझा कान धरायला दोन दिवसांचा प्रवास पडतो, म्हणून तो राखून ठेवला आहे. लहानपणी दुकानात बसून माझ्या गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण गिळलंस, तेव्हापासून तू मला घाबरवतो आहेस आणि अजून थकला नाहीस. पत्र वेळेवर टाकत जा. पोस्टमन रोज माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतो.

सध्या बँडवाल्यांचे अठरा कोट अंगावर आहेत. त्यातल्या ढोलवाल्याचं पोट माप घेतल्यापासून दोन इंच वाढलं आणि तो म्हणतो माझी टेप आटली. असो. सगळं बाजूला ठेवून तुझ्या बाह्या बेतायला घेतल्या आहेत. पूर्वेच्या बाहीची काळजी करू नकोस. तिला माझा खास हात लागतो. काय ते सांगणार नाही, दुकानाचं गुपित आहे. अकरा वर्षांपूर्वी तिथल्या जुन्या साहेबांनी लिहिलं होतं की पश्चिमेची बाही उत्तम, पूर्वेची मात्र लोळते, पिळवटते, शिवणीत काही दोष आहे का ते पाहावं. माझ्या शिवणीत दोष. मी दोन दिवस धड जेवले नव्हते. मग अशी शिवली की महिन्याभरात त्यांचं दुसरं पत्र आलं, की पूर्वेची बाही आता शिस्तीत उभी राहते, तुमच्या हाताला तोड नाही. तेच मशीनच्या वर चौकटीत लावलेलं पत्र. त्याच्याखाली बसून तू परीक्षेचा अभ्यास केलास.

एक गंमत सांगते, हसू नकोस. शर्टाची बाही शिवताना तिच्यात कोणाचा तरी हात दिसतो मला. कारकुनाचा, मास्तरांचा, कोणाचाही. हिच्यात कोणाचा हात जाणार ते कधीच दिसत नाही. परवा दुपारी मशीनवरच डुलकी लागली आणि स्वप्नात कोणीतरी फार मोठ्या माणसाने तिच्यात हात घातला आणि मनगटाला बटण लावून मागितलं. मी म्हटलं की दोन दिवसांनी या. जागी झाले तर बाही मांडीवर होती आणि सगळ्या खोलीत केशरी उजेड होता.

विमानात मी कधी बसले नाही आणि बसणारही नाही. माझा पाय जमिनीजवळ असला तरच माझं डोकं चालतं. ठकी माझ्याशी विमानाबद्दल फारसं बोलत नाही, मीही विचारत नाही. पण तू विचारत जा. तुझ्या यंत्रावर माझा विश्वास आहे, पण मला मूल एकच, तुला धरून दोन.

जेवण वेळेवर घे. माया इथून पाठवते आहे, वाटेत सांडू देऊ नकोस.

तुझी,
आत्या

८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाह्या मिळाल्या, त्याच दिवशी चढवल्या. काय रंग आहे. मनोऱ्यातले दोघे जण खाली उतरून बघायला आले. पूर्वेची तर अशी सरळ उभी राहिली की कवायतीचे मास्तरही लाजतील.

आणि तिनेच माझं काम केलं. सातव्या खांबाने मला रडकुंडीला आणलं होतं, हे लिहिलंच होतं. शेवटी एक दिवस मी त्याच्याखाली खुर्ची टाकून बसलो. वर बघितलं तर बाही स्थिर, आणि याचं शेपूट कधी इकडे, कधी तिकडे. दोघांत खोटा कोण, हे उघड होतं. बाही तर तुझ्या हातची. मग मी शेपटाला थोडं शिसं बांधलं, तरी ऐकेना. आणखी बांधलं. असं करत करत चौथ्या दिवशी ते बाहीच्या बरोबरीने चालू लागलं. आता सातही खांबांचा सूर इतका सलग येतो की ऐकता ऐकता मी लहान होऊन जातो.

इथले जुने वैमानिक म्हणतात की पूर्वेच्या टोकाला विमान शिंकतं. म्हणजे उतरता उतरता मध्येच एक गचका बसतो. टेकडीचा स्वभाव म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं आहे. माझ्या यंत्राला मात्र तिथे काहीच ऐकू येत नाही. कदाचित ती नुसती सवयीची भीती असेल.

साहेबांनी काल स्वच्छ सांगितलं. चाचणी नीट झाली तर डोंगराळ भागातल्या सगळ्या छोट्या धावपट्ट्यांवर हे खांब लागतील. नाही झाली तर त्याच दिवशी उतरवायचे आणि मी परत मीटर दुरुस्तीच्या कचेरीत. सहा वर्षं मी हे एकच काम केलं आहे, आत्या. दुसरं काही मला येतच नाही.

त्या दिवशी विमानात फक्त टपालाची थैली आणि ठकी. वजन हलकं ठेवलं आहे. काळजी करू नकोस असं लिहून उपयोग नाही, म्हणून लिहीत नाही.

लोभाचा धागा तुझ्याकडे आहे, तो सैल सोडू नकोस.

तुझा,
बटण

१६ मार्च

चि. बटण यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन दोन दिवस झाले. दोन दिवस मी बँडवाल्यांच्या कोटांना डाव्यांच्या जागी उजव्या बाह्या लावते आहे. आज भर दुपारी दुकान बंद केलं आणि हे लिहायला बसले. आधी कामाचं सांगते. सातव्या खांबाचं शिसं काढ. चाचणी थांबव. खांब खरा आहे, बाही खोटी आहे.

पूर्वेच्या बाहीला आतून दुहेरी अस्तर आहे. त्यावर कॅनव्हासच्या तीन उभ्या पट्ट्या आहेत, कोटाच्या छातीत ताठपणासाठी घालतात तशा. ती सावकाश वळते, पण लोळत नाही आणि पिळवटत नाही. वारा काय वाटेल ते करो, ती सरळच दिसणार. हेच माझं गुपित. गेली अकरा वर्षं मी तिला अशीच शिवते आहे.

आणि मला माहीत नव्हतं असंही नाही. पश्चिमेची बाही जुनी होऊन परत येते तेव्हा टोकाला विरलेली असते, बस. पूर्वेची प्रत्येक बाही आतल्या शिवणीवर पिळून उसवलेली येते, ओला टॉवेल पिळावा तशी, दर वेळी एकाच बाजूने. तिथे वारा गरगरतो हे कापडाने मला दर वर्षी सांगितलं. मी दर वर्षी एक टीप जास्त घातली. वर विमानात कोणी माणूस बसलेला असतो आणि तो माझी बाही बघून उतरतो, हा विचार मी केला नाही असं नाही. केला, आणि चौकटीतल्या पत्राकडे बघून सोडून दिला. तेव्हा ठकी उडत नव्हती. ती उडायला लागली तेव्हा सांगायला फार उशीर झाला असं वाटलं, आणि लाज वाटली.

टेलिफोनसाठी सकाळपासून दोनदा जाऊन आले. तुमच्या बाजूची लाइन बंद आहे म्हणतात. म्हणून हे विमानाच्या टपालात टाकते आहे. रेल्वेने शहरात आणि तिथून पुढे विमानाने, याहून लवकर काही पोचत नाही म्हणाले.

हे वाचून माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटू दे. आधी चाचणी थांबव.

आत्या

२० मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आधी शेवट सांगते. मी ठीक आहे, हातपाय जागेवर आहेत, विमानही जागेवर आहे. आता खुर्चीवर बस आणि वाच.

सकाळी शहरातून निघाले तेव्हा आभाळ धुतल्यासारखं होतं. तळ्यावरून एक फेरी मारली. खाली बटण आपल्या खोलीच्या दारात उभा होता, एवढासा, आणि शर्टाचं वरचं बटण नेहमीसारखं चुकीच्या काजात असणार. कानात त्याचा सूर सुरू झाला. आई, तो सूर इतका सलग आणि ओळखीचा होता की मला कोणीतरी थोपटतंय असं वाटलं. मी वळून पूर्वेकडून खाली येऊ लागले. समोर तुझी बाही केशरी आणि सरळ. कान म्हणत होता ये, डोळा म्हणत होता ये. घराच्या छपराएवढ्या उंचीवर आले आणि पायाखालची सतरंजी कोणी ओढावी तसं विमान डावीकडे पडलं.

पुढचं मला नीट आठवत नाही, हातांना आठवतं. सगळा जोर दिला, पंख सावरला, निम्मी धावपट्टी हवेतच गेली. टेकले तेव्हा पुढे तळंच दिसत होतं. थांबले तिथून पाण्यापर्यंतचं अंतर मी नंतर चालून मोजलं. पंधरा पावलं.

साहेबांनी तिथेच उभं राहून खांब उतरवायचा हुकूम दिला. टपालवाल्याने थैली उघडली, वरचंच पाकीट बटणच्या हातात दिलं. त्याने ते उभ्या उभ्या वाचलं, मग गवतात बसला आणि माझ्याकडे दिलं. आई, तुझं पत्र माझ्या पाठीमागे होतं. शहरापासून इथपर्यंत मीच ते घेऊन आले.

रागावले आहे का? हो, रागावले आहे. दिवसभर रागावून झालं की पुन्हा लिहीन. पण दुपारी तळ्याच्या काठावर बसले होते तेव्हा माझ्या शाळेच्या फ्रॉकांची आठवण आली. त्यांना कधी झोल पडू दिला नाहीस तू. आपल्या घरात झोल कोणालाच सहन होत नाही. तू अस्तर घातलंस, त्याने शिसं बांधलं, आणि पूर्वेला विमान शिंकतं हे इतकी वर्षं अनुभवूनही मी आज छान वाटलं म्हणून निवांत झाले. तेव्हा सगळा दोष एकटीने घेऊन बसू नकोस, थोडा आमच्यासाठी ठेव.

बटणला मी सांगितलं आहे की अस्तर आणि शिसं काढून दाखव, मी पुन्हा उतरवते. साहेबांनाही सांगितलं. त्यांना वाटतं मी धक्क्याने बरळते आहे.

रागासकट नमस्कार. लोभाचं काय ते भेटीत बघू.

ठकी

२९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू रोज पोस्टमनची वाट बघत असशील आणि माझं पत्र नाही, हे मला दिसत होतं. लिहायला घेतलं की काय लिहावं ते सुचत नव्हतं. रागावलो नाही असं लिहिलं तर तुला खोटं वाटेल. दोन दिवस रागावलो होतो. नंतर सातव्या खांबावर चढून शिसं काढायला लागलो आणि हातात जवळजवळ पाव किलो शिसं आलं. तुझ्या पट्ट्या मी पाहिल्या नव्हत्या, पण हे तर मी माझ्या हातांनी बांधलं होतं. सगळ्या यंत्रात तो एकच खांब खरं बोलत होता आणि मी त्याचं तोंड बांधलं.

बाही खाली उतरवून तुझ्याच जुन्या छोट्या कात्रीने अस्तर उसवलं. तुझी टीप निघता निघत नव्हती, अर्धा दिवस गेला. परत चढवली तेव्हा वारा होता. आत्या, ती लोळली, पिळवटली, उलटी झाली, आणि शेजारी सातवा खांबही अगदी तसाच. दोघं एकाच वेळी. मी संध्याकाळपर्यंत बघत बसलो. टेकडीला वळसा घालून एक वारा येतो आणि त्या टोकाशी गरगरतो. दहा-पंधरा मिनिटं घोंगावतो, मग निवतो. निवतो तेव्हा कोणीही आरामात उतरेल. फक्त तो कधी निवतो हे कळायला हवं, आणि ते आता ऐकू येतं.

साहेब अर्धेच पटले आहेत. खांबांना १८ एप्रिलपर्यंत मुदत मिळाली, त्या दिवशी पुन्हा चाचणी. त्यांचं म्हणणं असं की कोटाच्या अस्तरामुळे विमान पडायची वेळ आली, हे ते वरच्या कचेरीला कोणत्या तोंडाने कळवणार. जिने शिवलं तिचं लेखी हवं. मी तुला ते मागणार नव्हतो. ठकी म्हणाली की माग, आईला न विचारणं हा तिचा जास्त अपमान आहे.

तुझ्या उत्तरापर्यंत आमचा दोघांचाही जीव टांगलेला आहे, तो लवकर खाली उतरव.

बटण

४ एप्रिल

चि. बटण यास अनेक आशीर्वाद.

लेखी सोबत आहे, दोन पानी, मोठ्या अक्षरात. साहेबांना चष्मा नसला तरी वाचता येईल. त्याबरोबर चौकट पाठवते आहे. जुन्या साहेबांचं ते पत्र माझ्या भिंतीवर आता बरं दिसत नाही. ते कचेरीत ठेवा म्हणावं, पुराव्याला.

आणि १८ तारखेला मी येते आहे. रेल्वेने शहरापर्यंत, पुढे ठकीच्या विमानातून. साहेब नको म्हणाले तर त्यांना सांग की माझ्या शिवणीवर माझी मुलगी उतरली, आता मी उतरणार. वजन माझं फार नाही. पायाचं मी बघते.

आत्या

२ मे

चि. बटण यास अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

सुखरूप पोचले. बँडवाले दारातच उभे होते, त्यांनी मला माझ्या कामाची आठवण करून दिली. तिथे असताना इतकी माणसं भोवती होती की तुझ्याशी धड बोलता आलं नाही. साहेब हात जोडून खांब राहणार असं सांगत होते, तेही ठकीने नंतर सांगितलं तेव्हा कळलं, माझे कान अजून वरच होते. म्हणून हे लिहिते आहे.

मी डोळे घट्ट मिटून बसले होते, हे ठकीने सगळ्यांना सांगितलं असेलच. ते खरं आहे. तिने माझ्या कानांवर ते ऐकायचं लावून दिलं आणि मी आपली अंधारात. आणि मग मला माझं मशीन ऐकू आलं. आधी वाटलं भास आहे. पण लांब सरळ शिवणीला मी जो वेग धरते, तोच. तू दोन वर्षांचा असताना दुपारी मशीनच्या खाली झोपायचास, गोधडी अंगावर घेऊन. चालू असेपर्यंत गाढ झोपायचास. दोरा तुटून मी थांबले की दचकून उठायचास. लेकरा, सांगायचंस तरी. मी इतकी वर्षं समजत होते की ती खडखड तुला त्रास देते.

तर ते मशीन चालू होतं आणि मध्येच अडखळलं. दोरा गुंतावा तसं. मी डोळे उघडले. ठकीचा चेहरा बघितला, घाबरलेला नव्हता. ती म्हणाली की थांबू या, आणि विमान वर घेऊन तळ्यावरून फिरवायला लागली. एक फेरी, दुसरी फेरी. माझी मुलगी वाट बघत होती. तिला मी सुईत दोरा ओवायला बसवायची तेव्हा दोन मिनिटं धीर धरवायचा नाही तिला. खाली पाणी हलत होतं, ढगाची सावली त्यावरून चालली होती आणि आम्ही दोघी नुसतं ऐकत होतो. तेवढा वेळ मी कुठली आहे, किती वर्षांची आहे, काही आठवत नव्हतं. फार बरं वाटत होतं.

तेव्हाच पूर्वेची बाही दिसली. वरून किती लहान दिसते रे. बटव्याएवढी. आणि काय तिचे हाल, इकडे झेप, तिकडे लोळण, अंगाला पीळ. या अकरा वर्षांत असं काम माझ्या हातून गेलं असं कोणी म्हटलं असतं तर मी दुकान बंद केलं असतं. मला रडू आलं. ठकीला वाटलं भीती वाटते. भीती नव्हती. माझी बाही पहिल्यांदा खरं सांगत होती आणि आम्ही दोघी ते वरून बघत होतो.

मग ती हळूहळू निवली, सरळ झाली, आपली आपण. त्याच वेळी कानात मशीन पुन्हा लागलं. ठकीने विमान खाली घेतलं आणि इतकं अलगद टेकलं की मी अजून उतरायची वाटच बघत होते.

आता कामाचं. पूर्वेची बाही परत आली ती बघितली. महिन्याभरात आतली शिवण उसवली आहे, त्याच बाजूने. अस्तराशिवाय ती अशीच दर महिन्याला फाटणार आणि तुम्हाला दर महिन्याला मला लिहावं लागणार, म्हणजे पत्रं तरी वेळेवर येतील. चौकटीच्या जागी भिंतीवर नुसता खिळा राहिला आहे. सध्या त्याला हीच फाटकी बाही अडकवली आहे, संध्याकाळी हात रिकामे झाले की घेते. तिच्यातला पीळ अजून तसाच आहे.

ठकीचा राग किती शिल्लक आहे ते तिला विचारून कळव. तू पोटभर जेव आणि लोभाला अस्तर लावू नकोस, तो दिसू दे. बाही फाटली की लगेच पाठवत जा. शिवून देईन, पण सरळ करणार नाही.

तुझी,
आत्या